बेपत्ता खलाशाचं घर आणि गावाचा वाटा

सप्टेंबर २०२२. नारळी पौर्णिमा होऊन महिना उलटला होता आणि बोटी नेमाने बाहेर पडत होत्या. दापोली-गुहागर पट्ट्यातल्या एका बंदरात एक बोट पहाटे परतली ती एक माणूस कमी घेऊन. जाळं ओढताना त्याचा तोल गेला, की कठड्याशी उभा असताना लाटेने ओढला, हे बोटीवरच्या कुणालाच नेमकं सांगता आलं नाही. काळोख होता, इंजिनाचा आवाज होता. बोट चालवणाऱ्या तांडेलाच्या लक्षात आलं तोवर बोट बरीच पुढे आली होती. गावातल्या बाकीच्या बोटींनी धंदा सोडून तीन दिवस शोध घेतला. देह मिळाला नाही.

घरात मागे राहिली त्याची बायको, म्हातारी आई, दहावीतला मुलगा, सातवीतली मुलगी आणि दुसरीतला धाकटा.

मी ज्या संस्थेत काम करते ती छोटी आहे. किनाऱ्यावरच्या गावांतून वर्गणी जमवायची आणि अडचणीतल्या घरांतली मुलं शाळेतून सुटू नयेत यासाठी ती वापरायची, एवढंच आमचं काम. हे प्रकरण लिहून ठेवते आहे कारण त्यात आमच्या हातून दोन मोठ्या चुका झाल्या, आणि जे आम्हाला सुचलं नाही ते बंदरावरच्या बायकांनी केलं. कुटुंबाची ओळख लागू नये म्हणून गाव, आडनाव, बोट यातलं काहीच इथे दिलेलं नाही. लिहिण्याआधी मुलांच्या आईला विचारलं होतं. तिने एकच अट घातली, ती शेवटी येईल.

देह नाही, म्हणून दाखला नाही

मृत्यूचा दाखला मिळायचा तर मृत्यू झाल्याचं दाखवावं लागतं. देह नसेल तर पोलिसांत नोंद होते ती बेपत्ता म्हणून. ज्यांना एखाद्या माणसाची खबर एरवी लागलीच असती, त्यांनाही ती सात वर्षं लागली नाही, तर तो हयात नाही असं कायदा गृहीत धरू देतो. जुन्या पुरावा कायद्यात हेच होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तेच आहे. म्हणजे या घराला वाट बघायची ती सप्टेंबर २०२९ पर्यंत.

या सात वर्षांत काय काय अडून राहतं, ते जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. कमावता माणूस गेला तर दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला राष्ट्रीय कुटुंब अर्थसाहाय्य योजनेतून एकरकमी २०,००० रुपये मिळतात. त्याला मृत्यूचा दाखला लागतो. विधवा म्हणून संजय गांधी निराधार योजनेत जायचं, तर दाखला. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेखाली मच्छीमारांचा सामूहिक अपघात विमा आहे, त्याचा हप्ता मच्छीमाराला भरावा लागत नाही आणि मृत्यू झाल्यास ५ लाख मिळतात. तिथेही पहिला कागद तोच. नवऱ्याच्या बँक खात्यात थोडे पैसे होते. ते खातं मेलेल्या माणसाचं नव्हतं आणि जिवंत माणूस सही करायला येणार नव्हता.

मोठी आपत्ती आली की सरकार वेगळा आदेश काढून सात वर्षांची अट बाजूला ठेवू शकतं. २०१३ मध्ये केदारनाथच्या पुरानंतर बेपत्ता माणसांच्या घरच्यांसाठी तसा मार्ग काढला गेला, २०१७ च्या ओखी वादळानंतर केरळात न परतलेल्या मच्छीमारांच्या कुटुंबांनाही मदत देण्यात आली. पण साध्या दिवशी, साध्या वाऱ्यात, एकट्याच पडलेल्या खलाशासाठी असा आदेश निघत नाही. मला या प्रकरणातली सगळ्यात अन्यायाची बाजू हीच वाटते. समुद्र सगळ्यांना एकदम नेईल तर घरच्यांना वाट मिळते. एकालाच नेलं तर नाही.

एक दार मात्र उघडं राहिलं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यामुळे शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या सगळ्यात मोठ्या सज्ञान बाईचं नाव असतं. इथे ते सासूचं होतं. त्यामुळे रेशनचे तांदूळ कुठल्याही दाखल्याविना चालू राहिले. पहिल्या महिन्यात त्या घरात तेवढीच एक गोष्ट ठरल्या दिवशी येत होती.

पहिली चूक

कोकणातला माणूस द्यायला मागे सरत नाही, हे मी अनुभवाने सांगते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या, घरांवरची कौलं-पत्रे उडाले, तेव्हा मुंबईकर मंडळांनी टेम्पो भरभरून पाठवले. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हाही तसंच. गावासाठी मुंबईतून पैसा उभा करण्याची इथली रीत फार जुनी आहे. दापोलीजवळच्या आपल्या मुरुड गावासाठी महर्षी कर्व्यांनी ‘मुरुड फंड’ काढला होता. ही माणसं एका हाकेला धावतात. पण पुढच्या महिन्यात, त्याच्या पुढच्या महिन्यात, काही नवं घडलेलं नसताना त्याच घराला पुन्हा द्यायचं, याची सवय आपल्याला नाही. आणि खलाशाच्या घराचं दुःख महिन्या-महिन्याचंच असतं.

बातमी कळल्यावर पंधरा दिवसांत चांगली रक्कम जमली. देणाऱ्या एका मंडळाने सुचवलं की शाळेतच छोटा कार्यक्रम घेऊन धनादेश देऊ, म्हणजे इतरांनाही प्रेरणा मिळेल. आम्ही हो म्हटलं. मी स्वतः त्या व्यासपीठावर उभी होते. मुलाला वर्गातून बोलावलं, त्याच्या आणि आईच्या हातात धनादेश दिला, फोटो काढले. संध्याकाळपर्यंत ते फोटो पंचक्रोशीतल्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरले, मुलाच्या नावासकट.

बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करता येत नाही. हे कलम मी आमच्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षणात शिकवते. तरी त्या दिवशी मला ते आठवलं नाही, कारण देणारी माणसं मनापासून देत होती, टाळ्या वाजत होत्या, आणि मलाही बरं वाटत होतं.

पुढच्या सोमवारी मुलगा शाळेत आला नाही. आजारी असेल असं सगळ्यांनी धरलं. तीन आठवड्यांनी त्याच्या वर्गशिक्षकांचा फोन आला: तो दुसऱ्या एका बोटीवर भात शिजवायला जातो आहे.

मी त्याला बंदरावर गाठलं. बोलायची त्याची तयारी नव्हती. जाळ्याच्या ढिगावर बसून तो नखाने दोरीचा पीळ उलगडत होता. मी शाळेचं बोलत राहिले, दहावीचं वर्ष आहे, फॉर्म भरायची मुदत जाईल वगैरे. मग तो म्हणाला, “ताई, बाबांची उचल आहे ती कोण फेडणार?”

उचल म्हणजे हंगाम सुरू होताना खलाशी नाखव्याकडून, म्हणजे बोटीच्या मालकाकडून, आगाऊ घेतो ती रक्कम. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या ६१ दिवसांत घर चालतं ते बहुधा उधारीवर, आणि ऑगस्टमधल्या उचलीतून ती उधारी फिटते. नंतर हंगामभराच्या वाट्यातून नाखवा उचल कापून घेतो. याच्या वडिलांनी ऑगस्टमध्ये उचल घेतली आणि सप्टेंबरमध्ये ते गेले. नाखव्याने एका शब्दाने मागितली नव्हती. पण आकडा मुलाला माहीत होता, आणि धनादेशाचा फोटो सगळ्या गावाने पाहिल्यावर ‘पैसे मिळाले आहेत, तरी फेडत नाहीत’ असं कुणी म्हणेल, ही भीती त्याच्या मनात बसली होती. आमच्या कार्यक्रमाने त्याला शाळेतून काढून बोटीवर पाठवलं, असं मी म्हणते तेव्हा माझे सहकारी म्हणतात, एवढं मनाला लावून घेऊ नका. पण घडलं ते असंच.

दहावीचा फॉर्म भरायची मुदत गेली ती गेलीच.

दुसरी चूक

ही जास्त खोल होती. कागदपत्रांच्या मागे लागलेले असताना आम्हाला कुणीतरी सांगितलं की पंचनामा आणि पोलिसांतली नोंद जोडून निराधार योजनेचा अर्ज करून तर ठेवा, पुढचं पुढे बघू. आम्ही घाईघाईने अर्ज भरला आणि सहीसाठी तिच्यापुढे ठेवला. एका रकान्यात ‘विधवा’ वर बरोबरची खूण केलेली होती.

ती सातवी शिकलेली आहे, तिने शांतपणे सगळं वाचलं. पेन खाली ठेवलं. म्हणाली, “ताई, यावर मी सही केली म्हणजे मीच त्यांना मारलं.”

तिच्या गळ्यात मंगळसूत्र होतं. खुंटीवर त्याचा पिवळा रेनकोट होता. सासू मागच्या पडवीतून बघत होती. मी अर्ज घडी करून पिशवीत घातला आणि त्या दिवशी पहिल्यांदा गप्प बसले. अनेक वर्षं हे काम करूनही मला कळलं नव्हतं की ज्याला आम्ही ‘लाभार्थी’ म्हणतो त्या माणसाकडून आपण आधी काय कबूल करून घेतो आहोत. तो अर्ज आम्ही पुन्हा कधी काढला नाही.

बंदरावरचा वाटा

लिलावाच्या वेळी बंदरावर जी गर्दी असते तिच्यात किरकोळ विक्री करणाऱ्या बायकांचा एक घोळका असतो. पहाटे माल घ्यायचा, पाटीत बर्फ घालायचा, टमटम किंवा एसटी धरायची आणि आतल्या गावांत दारोदार विकायचा. ही बाई आधी कोळंबी सोलायला जायची, विक्रीला कधी गेली नव्हती. विक्रीला भांडवल लागतं. सकाळी माल घ्यायला रोख हवी.

त्या घोळक्यातल्या एका वयस्क बाईने तिला घरून बोलावून आणलं. मी त्या दिवशी तिथे होते म्हणून सांगते. वाळूवर प्लास्टिकचा कागद अंथरलेला, त्यावर बांगड्याचे वाटे मांडलेले. त्या बाईने आपल्या ढिगातून दोन्ही हातांनी एक वाटा उचलला आणि हिच्या रिकाम्या पाटीत घातला. मग शेजारणीने एक. मग तिसरीने थोडा जवळा. कुणी ‘मदत’ हा शब्द उच्चारला नाही. जाताना त्या वयस्क बाईने एवढंच विचारलं, “उद्या येशील ना गे?”

पुढे पाळी ठरली. आज हिने वाटा द्यायचा, उद्या तिने. मे अखेरपर्यंत हे चाललं. पावसाळ्याच्या बंदीत ती सुकट आणि सुके बांगडे विकत होती, तेही पहिल्यांदा त्यांनीच उधार दिलेले. दुसऱ्या हंगामात तिने स्वतःच सांगितलं की आता वाटा नको, मी माझा माल घेईन. वाटा म्हणजे विकायला मांडलेला ढीग, आणि वाटा म्हणजे आपल्या हक्काचा हिस्साही. बायकांनी तिच्या पाटीत घातलं ते दुसऱ्या अर्थाने घातलं असं मला वाटतं.

उचलीचा प्रश्नही आमच्यामुळे सुटला नाही. तांडेलाने नाखव्याच्या कानावर मुलाचं म्हणणं घातलं. गावकीची बैठक देवळाच्या सभामंडपात होती, इतर विषय झाल्यावर नाखवा उठला आणि म्हणाला, “ती उचल समुद्राला गेली. पोराने फेडायची नाही.” बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाला, हे महत्त्वाचं. घरी जाऊन सांगितलं असतं तर मुलाने ते उपकार म्हणून घेतलं असतं.

पैशांची रचना बदलली

यानंतर आम्ही बसून निधीचा सगळा साचाच बदलला. जमलेली एकरकमी रक्कम बँकेत ठेवली आणि तिच्यातून घराला दर महिन्याच्या ५ तारखेला ठरलेली रक्कम जाऊ लागली. वाडीतल्या घरांनी महिन्याला ५० रुपये द्यायचं कबूल केलं. मुंबईकर मंडळाने गणपतीत सभा घेऊन वर्षाचा आकडा ठरवला. शेजारच्या मोहल्ल्यातल्या, आखातात नोकरीला असलेल्या दोन भावांनी सदक्यातून, म्हणजे दानधर्माच्या पैशातून, हिस्सा उचलला. परदेशातून पैसे आले म्हणून आम्ही आधी घाबरलो होतो. मग आमच्या सीएंनी समजावलं की भारतीय नागरिकाने तिकडच्या स्वतःच्या बचतीतून रीतसर बँकेमार्फत पाठवलेली देणगी परकीय निधीत मोडत नाही. आयकरातल्या सवलतीसाठी ८०जी ची पावती मागणारे थोडेच निघाले. २,००० च्या वरची रोख देणगी करसवलतीला चालत नाही, तरी इथे तो प्रश्न आला नाही, कारण बहुतेक जण पन्नास-शंभरच आणून देत होते.

हिशोबावरून मात्र खडाजंगी झाली. गावकीची पद्धत अशी की प्रत्येक पैशाचा जमाखर्च नावानिशी सभेत वाचायचा. देवळाच्या वर्गणीला ते ठीक आहे. आमचं म्हणणं होतं की देणाऱ्याचं नाव हवं तर वाचा, घेणाऱ्याचं नको. काही जण म्हणाले, अख्ख्या गावाला माहीत आहे, लपवायचं काय? बरोबर होतं त्यांचं. पण माहीत असणं आणि माईकवरून नाव पुकारलं जाणं यात त्या मुलाच्या दृष्टीने केवढा फरक होता ते आम्ही एकदा पाहिलं होतं. शेवटी ठरलं: रक्कम आणि कारण वाचायचं, घर नाही. ‘शाळा, एसटी पास, दवाखाना’ असं. मुलीच्या पासला खर्च नव्हता, अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना शाळेसाठी एसटीचा पास मोफत असतो. मुलग्याला सवलतीचा पास काढावा लागतो.

सरकारी बाजूने जे हाती लागलं ते बालसंगोपन योजनेतून. ती मुलाच्या परिस्थितीकडे बघते, वडिलांच्या दाखल्यावर सगळं अडवून ठेवत नाही. पोलिसांतली बेपत्ता नोंद, गृहभेटीचा अहवाल, शाळेचे दाखले, मग बालकल्याण समितीपुढे तिन्ही मुलांसह हजेरी. आदेश व्हायला काही महिने गेले. तेव्हा एका मुलामागे महिन्याला १,१०० रुपये होते, २०२३ मध्ये ते २,२५० झाले. पैसे कधी तीन-चार महिन्यांचे एकदम येतात, त्या मधल्या खिंडीत गावचा निधी उभा राहतो. सरकारी पैसे आल्यावर निधीचे परत घ्यायचे का, असा प्रश्न आला होता. आम्ही नाही म्हटलं.

मुलाने बोट सोडली ती उचल माफ झाल्यावर लगेच नाही. हंगाम संपवूनच सोडली. कबूल केलं होतं, म्हणाला. पुढच्या वर्षी १७ नंबरचा फॉर्म भरून तो बाहेरून बसला आणि मार्च २०२४ ची दहावी पास झाला. गणितासाठी त्याचे वर्गशिक्षक रविवारी त्याला घरी बोलवत होते. त्यांनी एक पैसा घेतला नाही आणि कुणाला सांगितलंही नाही, मला ते मुलाकडूनच कळलं.

इंजिन

अठरा पूर्ण झाल्यावर त्याचं बालसंगोपन बंद झालं. त्याला रत्नागिरीच्या मत्स्यव्यवसाय प्रशिक्षण केंद्रात जायचं होतं. सहा महिन्यांचा कोर्स, नौकानयन आणि बोटीच्या डिझेल इंजिनाची देखभाल. निधीच्या समितीत यावरून दोन तट पडले. एक बाजू म्हणत होती, बाप गेला त्याच वाटेवर पोराला आपल्या पैशाने पाठवायचं? त्यापेक्षा आयटीआय करू दे, कंपनीत लागू दे. मलाही खरं तर तसंच वाटत होतं. देणाऱ्याला हे ठरवायचा अधिकार आहे का, या प्रश्नावर दोन बैठका गेल्या.

त्याच्या आईला विचारलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “इंजिन बंद करून लगेच मागे वळवता आली असती बोट, तर? त्याला ते शिकायचं आहे.” समितीने पैसे मंजूर केले.

आता राहिली तिने घातलेली अट. ती अशी की रिचार्जची गोष्ट लिहायची.

पहिल्या वर्षाच्या खर्चात दर महिन्याला एक रिचार्ज दिसत होता, घरातल्या कुठल्याच फोनचा नव्हता. समितीतल्या एकाने हरकत घेतली. मी विचारायला गेले तेव्हा तिने सांगितलं की नंबर त्यांचा आहे. फोन त्यांच्यासोबत गेला. रिचार्ज केला नाही तर कंपनी तो नंबर दुसऱ्या कुणाला देईल, आणि एखाद्या दिवशी तिने लावला तर भलताच माणूस उचलेल. रात्री मुलं झोपल्यावर ती लावते. स्विच ऑफ येतो. तेवढं ऐकून झोपते.

समितीत मी हे जसं ऐकलं तसं सांगितलं. हरकत घेणारे गृहस्थ स्वतः चाळीस वर्षं बोटीवर होते. त्यांनीच वहीत लिहायला लावलं: रिचार्ज, मंजूर, सप्टेंबर २०२९ पर्यंत.

गेल्या महिन्यात ती वही घेऊन आली. मुलाला बंदरावरच्या इंजिन दुरुस्तीच्या शेडमध्ये काम लागलं आहे आणि पहिल्या पगारातून त्याने तो रिचार्ज स्वतः केला होता, वर्षभराचा. तिने माझ्या हातात पेन दिलं आणि ती ओळ माझ्याकडून खोडून घेतली.